रॉजर म्हणजे ‘हो’ नव्हे

माझ्या वडिलांना ऐकायला कमी येतं, ही एकच गोष्ट आमच्या घरात कधी मोठ्यानं बोलली गेली नाही. बाकी सगळं आम्ही मोठ्यानंच बोलायचो.

अण्णा इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला होते. वयाच्या सतराव्या वर्षी मागावर उभे राहिले, ते पुढची तीसेक वर्षं उभेच. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी, पाळी बारा तासांची. आमच्या गावात पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला, हे आम्हाला शाळेत शिकवलं होतं. त्या मागाचा आवाज माणसाच्या कानाचं काय करतो, हे काही शिकवलं नव्हतं. साध्या मागात धोटा या टोकाकडून त्या टोकाकडं अक्षरशः मारला जातो, मिनिटाला शंभराहून जास्त वेळा. अशा चोवीस मागांच्या शेडमध्ये आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. कारखान्यांच्या नियमात आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. अण्णा बारा तास असायचे, कानात सुताचा बोळा घालून. तोही आठवण झाली तर.

शेडमध्ये कोणी तोंडानं बोलत नाही. तार तुटली, चहा आला, दिवाणजी आले, जरा माझ्या मागाकडं बघ, या प्रत्येकाला हाताची खूण आहे. बाकीचं समोरच्याच्या ओठांवरून कळतं. अण्णा ओठ वाचण्यात इतके तरबेज होते, की त्यांचं ऐकणं कमी होत गेलं हे आम्हाला कितीतरी वर्षं कळलंच नाही. लाइट गेली की ते गप्प व्हायचे. फोन आला की आईकडं द्यायचे. आणि न कळलेल्या प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर द्यायचे, ‘हां’. मान डोलवून, हसून, अगदी पटल्यासारखं ‘हां’.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा या ‘हां’नं त्यांना जवळजवळ मागात घातलं होतं. डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलून दिली आणि सांगितलं, जुनी बंद करा. अण्णा म्हणाले, हां. डॉक्टर त्या वेळी खाली मान घालून लिहीत होते, त्यामुळं ओठ दिसले नव्हते. अण्णांनी नवी गोळी सुरू केली आणि जुनीही चालू ठेवली. आठवड्याभरात चक्कर येऊन ते दोन मागांच्या मधल्या बोळात पडले. शेजारच्या कामगारानं बंडी धरून मागं ओढलं म्हणून हात वाचला. घरी आल्यावर आई ओरडली, ‘डॉक्टरनी सांगितलं तवा हां कशाला म्हटलासा?’ अण्णांनी तिच्याकडं बघितलं आणि परत म्हणाले, ‘हां.’

आम्ही सगळे हसलो. ते हसू मला अजून आठवतं, आणि आठवलं की बरं वाटत नाही.

त्याच वर्षी मी एनसीसीत गेले. देशसेवा वगैरे मनात नव्हती असं नाही, पण खरं कारण प्रमाणपत्र होतं. ज्यांनी एनसीसी केलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९४८च्या कायद्यानं ही संघटना उभी राहिली. शाळेतल्या कॅडेटना ‘ए’ प्रमाणपत्राची परीक्षा देता येते. कॉलेजात दोन वर्षं झाली की ‘बी’, तिसऱ्या वर्षी ‘सी’. परेडची हजेरी ७५ टक्के लागते, कॅम्प लागतात, मग लेखी आणि प्रात्यक्षिक. पोलीस भरतीत, सैन्यभरतीत याचा उपयोग होतो. ‘सी’ किमान बी श्रेणीत असेल आणि पदवीला ५० टक्के असतील, तर लष्करात अधिकारी व्हायला एनसीसी स्पेशल एन्ट्री नावाचा रस्ता आहे. त्यात लेखी परीक्षा न देता एसएसबीच्या निवडीपर्यंत पोचता येतं. माझ्यासारख्या मराठी माध्यमातल्या, मागवाल्याच्या मुलीला हे सगळं लांबचं होतं. पण लांबचं दिसत तरी होतं.

आमची बटालियन साधी, पायदळाच्या धर्तीची. सिग्नलच्या वेगळ्या एनसीसी तुकड्या असतात, त्यांना वायरलेसचं सविस्तर शिकवतात. आमच्या वाट्याला संदेशवहनाचे मोजके तास यायचे. पण दुसऱ्या वर्षीच्या दहा दिवसांच्या कॅम्पला जे उस्ताद आले, ते मूळचे कोअर ऑफ सिग्नल्सचे हवालदार होते. (लष्कराच्या प्रशिक्षकांना आम्ही उस्ताद म्हणायचो.) १९११ साली उभ्या राहिलेल्या या कोअरचं ब्रीद आहे ‘तीव्र चौकस’. उस्तादांना ते इतकं प्रिय होतं, की चहाच्या रांगेत कोणी रेंगाळलं तरी ते ‘तीव्र चौकस!’ म्हणून ओरडायचे. त्यांनी आमच्यातल्या आठजणी निवडल्या आणि दुपारच्या मोकळ्या वेळात रेडिओवर बोलायला शिकवलं.

मला वाटलं होतं, बोलायला काय शिकायचं? पहिल्या दहा मिनिटांत कळलं, की आपल्याला बोलता येत नाही.

बटण दाबलं की लगेच बोलायचं नाही. एक क्षण थांबायचं, नाहीतर पहिलं अक्षर हवेतच राहतं. आधी ज्याला हाक मारायची त्याचं नाव, मग आपलं. बोलायचं काय, ते बोलण्याआधी ठरवायचं. एका वेळी एकानंच बोलायचं, कारण दोघांनी बटण दाबलं तर कोणाचंच पोचत नाही. आपलं झालं आणि उत्तर हवंय, तर ‘ओव्हर’. संभाषणच संपलं, तर ‘आउट’. हिंदी सिनेमातला ‘ओव्हर अँड आउट’ ऐकला की उस्ताद कपाळाला हात लावायचे. ‘या तो जवाब चाहिए, या नहीं चाहिए. दोनों कैसे?’

मग चार गोष्टी: लय, वेग, आवाजाची पातळी आणि पट्टी. इंग्रजीत त्यांच्या आद्याक्षरांचं ‘आरएसव्हीपी’ होतं. वाक्य अर्थाच्या तुकड्यांत तोडायचं. लिहून घेणाऱ्याच्या वेगानं बोलायचं. पट्टी नेहमीपेक्षा किंचित वर ठेवायची. आणि ओरडायचं नाही. हे उस्ताद पुन्हा पुन्हा सांगायचे. ‘चिल्लाने से आवाज बड़ी नहीं होती, फट जाती है.’ मी त्यांच्याकडं बघत राहिले. आमच्या घरात पाच वर्षं आम्ही सगळे अण्णांशी ओरडूनच बोलत होतो.

शेवटी अक्षरं आणि आकडे. अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा. ही मुळाक्षरं १९५६ पासून जगभर विमानांत, जहाजांवर, सैन्यात वापरतात. आपणही फोनवर ‘डी फॉर दिल्ली’ म्हणतो, किंवा ‘कमळातला क’. कल्पना तीच, पण हे शब्द वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्यांवर तपासून निवडलेले आहेत. खरखरीत आवाजातही एक शब्द दुसऱ्यासारखा वाटू नये म्हणून. आकडेही सुटे सुटे बोलायचे. पंचवीस नाही, दोन-पाच. आणि इंग्रजी आकड्यांचे उच्चार मुद्दाम वाकडे. थ्रीचा ‘ट्री’, फोरचा ‘फोवर’, फाइव्हचा ‘फाइफ’, नाइनचा ‘नाइनर’. फाइव्ह आणि नाइन रेडिओवर सारखेच ऐकू येतात, म्हणून ही सोय.

आम्ही खूप हसलो होतो. आठातल्या सहाजणी मराठी माध्यमातल्या. सात-आठ वर्षं इंग्रजीच्या बाईंनी ‘फाइव्ह’मधल्या व्हसाठी खालचा ओठ दातांखाली धरायला लावलेला. आता कुठं तो व्ह जमायला लागला आणि हे म्हणतात फाइफ म्हणा! आम्ही आपसात ठरवून टाकलं, उस्ताद समोर असतील तेव्हा फाइफ आणि नाइनर, एरवी व्यवस्थित इंग्रजी.

कॅम्पच्या सातव्या दिवशी नकाशावाचनाचा सराव होता. बाराजणींची एक तुकडी, हातात नकाशा आणि होकायंत्र, टेकडीपलीकडं ठरलेल्या ठिकाणी पोचायचं. तिथून गाडी परत आणणार. आमच्या तुकडीचा सेट माझ्या पाठीवर होता. कॅम्पमध्ये कंट्रोलवर माझीच मैत्रीण बसली होती. अर्धा रस्ता गेलो आणि पाऊस आला. कंट्रोलवरून संदेश आला, गाडी ठरलेल्या जागी येऊ शकत नाही, नवी जागा सांगते. मग सहा आकड्यांचा ग्रिड संदर्भ.

पावसाचा आवाज, डोक्यावर धरलेल्या प्लॅस्टिकचा आवाज, त्यात सेटची खरखर. पाच आकडे मला नीट आले. तिसरा आला नाही. फाइव्ह होतं की नाइन? ती माझ्यासारखीच व्यवस्थित इंग्रजी बोलली होती. अकराजणी माझ्याकडं बघत होत्या. बटण दाबून ‘से अगेन’ म्हणायचं, एवढंच होतं. पण उस्ताद तिकडं कंट्रोलवर ऐकत असणार. आठजणींतून निवडून सेट मला दिला होता. एवढं साधं ऐकता आलं नाही, असं त्यांना वाटेल. मी मनाशी म्हटलं, नाइनच असणार. बटण दाबलं.

‘रॉजर. आउट.’

ज्यांनी नकाशा वाचलाय त्यांना कळेल: सहा आकडी संदर्भात तिसऱ्या आकड्यातला एक म्हणजे शंभर मीटर. पाच आणि नऊमधलं अंतर चारशे मीटर. सपाट माळावर चारशे मीटर म्हणजे काहीच नाही, गाडी दिसली असती. इथं मधे ओढा होता आणि एक सोंड उतरली होती. गाडी सोंडेच्या अलीकडं थांबली, आम्ही पलीकडं. आम्हाला वाटलं गाडी यायची आहे. त्यांना वाटलं आम्ही यायच्या आहोत. सोंड मधे आल्यानं सेटवरही धड काही पोचत नव्हतं. दीड तास आम्ही भिजत उभ्या होतो. आमच्यातली एक लहानखुरी मुलगी सकाळपासून अंगात कणकण घेऊन आली होती, ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. ती थरथरायला लागली आणि मग खाली बसली ती उठेना. शेवटी उस्ताद स्वतः सोंड चढून आले. वरून त्यांनी आम्हाला बघितलं. त्या मुलीला पाठीवर घेऊन ते उतरले आणि गाडीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

ती दुसऱ्या दिवशी बरी झाली. मी मात्र शिक्षेची वाट बघत होते. पिठ्ठू लावून मैदानाच्या फेऱ्या, असं काहीतरी. संध्याकाळी उस्तादांनी बोलावलं आणि एकच प्रश्न विचारला.

‘रॉजर का मतलब?’

‘जी, सुन लिया.’

‘नहीं. पूरा सुन लिया.’

मी काहीच बोलले नाही. ते म्हणाले, रॉजर म्हणजे ‘हो’ नाही, ‘बरोबर’ नाही, ‘करते’ नाही. करायचं असेल तर त्याला ‘विल्को’ हा वेगळा शब्द आहे. रॉजरचा अर्थ एवढाच, की तुझा संदेश मला सबंध मिळाला. जुन्या मुळाक्षरांत आर म्हणजे रॉजर असायचा. आर फॉर रिसीव्ह्ड. आणि जिथं आकडे आहेत, जागा आहे, वेळ आहे, तिथं नुसतं रॉजर चालतच नाही. ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं, मग पलीकडच्यानं बरोबर म्हणायचं. ‘तुमने भी नहीं दोहराया, उसने भी नहीं पूछा. ग़लती दो की है. लेकिन रॉजर तुमने बोला.’

आणि जाता जाता म्हणाले, ‘से अगेन बोलने में शर्म किस बात की? वो तो प्रोसीजर है.’

त्या रात्री तंबूत झोप लागली नाही. फार थोर काही सुचलं म्हणून नाही. डोळ्यांसमोर अण्णांचा चेहरा येत होता. डॉक्टरांसमोर बसलेले, मान डोलवणारे. मी आज नेमकं तेच केलं होतं. माझे कान धडधाकट होते, आणि तरीही अकराजणींच्या नजरेसमोर मला ‘पुन्हा सांग’ म्हणता आलं नाही. त्यांना तर असं रोज दहा वेळा म्हणावं लागलं असतं. आणि आम्ही दर वेळी हसलो असतो.

कॅम्पवरून घरी आले आणि उत्साहानं घरात रेडिओची शिस्त आणायला गेले. ती पहिल्याच दिवशी फसली. अण्णांना म्हटलं, ‘माझी फी भरायची शेवटची तारीख सत्तावीस आहे. आता मला सांगा, मी काय सांगितलं?’ त्यांचा चेहरा कडक झाला. ‘माझी परीक्षा घ्यालीस व्हय?’ म्हणाले आणि चपला घालून बाहेर गेले. रात्री जेवतानाही बोलले नाहीत.

मला कळायला दोन-तीन दिवस लागले. रेडिओवर दोन्ही टोकांना तोच नियम असतो. मी सांगितलेलं पलीकडचा म्हणून दाखवतो, त्यानं सांगितलेलं मी. आमच्या घरात मी फक्त त्यांनाच वर्गात उभं केलं होतं. मग सुरुवात माझ्यापासून केली. अण्णांनी काही सांगितलं, की मी ते परत म्हणायचे. ‘येताना डाळ आण.’ ‘डाळ आणते. कुठली, तूर?’ ‘तूर. अर्धा किलो.’ ‘तूर, अर्धा किलो.’ आईला वाटलं, पोरीला कॅम्पमध्ये काहीतरी झालंय. महिना-दीड महिना असं चाललं. बोलायच्या आधी ‘अण्णा’ म्हणून हाक मारायची, ते बघेपर्यंत थांबायचं, मगच बोलायचं. ओरडायचं नाही. आकडे सुटे. मराठीत तर ते जास्तच लागतं. सात, आठ, साठ, सत्तावीस, सत्तावन्न. कमी ऐकणाऱ्याला यातलं काय पकडायचं? म्हणून दोन-सात. एक दिवस आईनं सांगितलं, गॅसवाला साडेअकराला येणार आहे. आणि अण्णा आपणहून म्हणाले, ‘एक-एक तीस. मी हाय घरात.’

‘बी’ झालं, मग ‘सी’ही झालं. मुलाखतीपर्यंत एकदा पोचले, निवड झाली नाही. बी. एस्सी. संपवून मी नोकरीला लागले. रेडिओ मागं पडला.

तो परत आला २०१९च्या ऑगस्टमध्ये. त्या पुराबद्दल कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला सांगायला नको. पंचगंगा आणि कृष्णा दोन्ही फुगल्या होत्या, शिरोळ तालुक्यातल्या कितीतरी गावांना पाण्यानं वेढलं होतं. माझी मावशी तिथंच. दोन दिवस तिचा फोन लागला नाही. वीज नाही, त्यामुळं चार्जिंग नाही, टॉवरही बंद. मी गच्चीवर उभी राहून दर पाच मिनिटांनी नंबर लावत होते आणि तीच ती बाई तेच ते सांगत होती. मावशी सुखरूप निघाली, एका शाळेत होती. पण ते दोन दिवस मला सारखा पाठीवरचा तो जुना सेट आठवत होता. त्याला कुठलाच टॉवर लागत नव्हता.

मग मी हौशी रेडिओबद्दल, म्हणजे हॅमबद्दल वाचायला लागले. डिसेंबर २००४ची त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद नावाच्या हॅम ऑपरेटर अंदमानात पोर्ट ब्लेअरला होत्या. जगभरच्या हौशी लोकांशी बोलायला म्हणून त्यांचं पथक परवानगी काढून तिथं गेलं होतं. फोन बंद पडले आणि त्यांचं केंद्र बेटांवरच्या माणसांची खबर मुख्य भूमीवर पोचवायला लागलं. एनसीसीत असताना हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, की कॉलेजबाहेरही अशी परीक्षा असते, की ती सरकार घेतं, आणि तिला वयाची अट बारा वर्षांची आहे. म्हणजे सातवी-आठवीतला ज्युनिअर कॅडेटही बसू शकतो. दोन दर्जे आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. दोन्हींत थोडं इलेक्ट्रॉनिक्स आणि थोडे कायदे-नियम. मी अर्ज केला तेव्हा जनरलसाठी मिनिटाला आठ शब्दांच्या वेगानं मोर्सही लागत होतं. मोर्सला घाबरून मी रिस्ट्रिक्टेड निवडलं.

अभ्यास करताना एका पानावर मी थांबले. माणसाचा आवाज रेडिओवरून पाठवताना साधारण ३०० ते ३००० हर्ट्झ एवढाच पट्टा घेतात. अर्थ कळायला तेवढा पुरतो, आणि जागा कमी लागते. पण स, फ, थ अशा हवेच्या, फुसफुसणाऱ्या आवाजांचा बराचसा भाग त्याच्या वर असतो. तो कापला जातो. म्हणून रेडिओवर एस आणि एफ सारखे वाटतात, म्हणून सिएरा आणि फॉक्सट्रॉट म्हणावं लागतं. आणि मागाच्या आवाजानं कान जातात ते कुठून जातात? ४००० हर्ट्झच्या आसपास. तिथं आधी खड्डा पडतो आणि मग तो पसरतो. स्वर राहतात, व्यंजनं जातात. अण्णा नेहमी म्हणायचे, ‘आवाज येतोय गं, शब्द येत न्हाईत.’ आम्हाला ती सबब वाटायची.

म्हणजे रेडिओवर आपण सगळेच थोडेफार अण्णा असतो. ज्यांनी ही पद्धत बसवली त्यांनी ऐकणारा प्रत्येकजण अर्धा बहिरा आहे असं धरूनच ती बसवली, आणि सगळ्यांनाच तसं धरलं म्हणून त्यात कोणाचा अपमान राहिला नाही. वैमानिक, कॅप्टन, हवालदार, कॅडेट, सगळे ‘से अगेन’ म्हणतात. आमच्या घरात बहिरा एकच होता, म्हणून त्याला लाज होती.

परीक्षा मुंबईला जाऊन दिली. पास झाले. पोलीस पडताळणी वगैरे होऊन परवाना हातात यायला बरेच महिने गेले. व्हीयू-३नं सुरू होणारं माझं स्वतःचं नाव मिळालं, जगात दुसऱ्या कोणाचंच नसलेलं. एका रविवारी संध्याकाळी हातातला छोटा सेट घेऊन मी गच्चीवर गेले. अण्णा पाण्याची टाकी बघायला आले होते, ते तिथंच कठड्याला टेकले. मी दोन मीटरच्या पट्ट्यावर हाक दिली. तिसऱ्यांदा हाक दिल्यावर कोल्हापूरच्या बाजूनं एक वयस्कर आवाज आला. त्यांनी माझं नाव जसंच्या तसं परत म्हटलं आणि पहिल्यांदा काय सांगितलं, तर मी त्यांना कितपत ऐकू येतेय ते. ही हॅमची रीत आहे. नमस्कार-चमत्काराआधी समोरच्याला सांगायचं, तुझं बोलणं मला किती कळतंय, एक ते पाचमध्ये. ते म्हणाले, ‘तीन.’ मी जागा बदलली, सेट उंच धरला. ‘आता चार.’

बोलणं संपल्यावर अण्णांनी विचारलं, काय म्हणाला रे तो? मी समोर जाऊन सांगितलं. ते म्हणाले, ‘पाचातलं तीनच दिलं, आणि तू हसालीस?’

‘तीन म्हणजे नापास नव्हे, अण्णा. तीन म्हणजे अडचणीनं कळतंय. त्यांनी सांगितलं म्हणून मला सरकून उभं राहता आलं.’

ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आई स्वयंपाकघरातून पाठमोरी काहीतरी सांगत होती. अण्णा जेवायच्या पाटावरून उठले, तिच्या समोर जाऊन उभे राहिले आणि दोन बोटं वर केली. आईला कळेना. मला कळलं. त्यांना ही भाषा नवीन नव्हती. शेडमध्ये तीस वर्षं ते हातानंच बोलत आले होते.

पुढच्या वर्षी एकदाचे ते कान तपासायला तयार झाले. आलेखावर तो खड्डा अगदी पुस्तकातल्यासारखा होता. यंत्र बसवायच्या दिवशी मी बरोबर गेले. तिथला मुलगा चांगला होता, पण घाईत होता. यंत्र कसं लावायचं, बॅटरी कधी बदलायची, रात्री कुठं ठेवायचं, सगळं एका दमात सांगत सुटला, नजर संगणकाकडं. शेवटी म्हणाला, ‘येतंय ना काका आता ऐकायला?’

मी अण्णांकडं बघितलं. त्यांची मान हलायला लागली होती, जुन्या सवयीनं. मी काही बोलणार नव्हते, तसं मी आधीच ठरवलं होतं. मान मधेच थांबली. त्यांनी हात वर केला, तीन बोटं.

तो मुलगा माझ्याकडं बघायला लागला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं.

‘तीन,’ अण्णा म्हणाले. ‘इकडं तोंड कर, बाळा. आणि पहिल्यापासून परत सांग. सावकाश.’